उघडी तोंडं आणि झडलेला हार

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आमचा स्टुडिओ होता. माझा नवरा आनंदा फोटो काढायचा आणि मी आतल्या खोलीत बसून टचिंग करायचे. टचिंग म्हणजे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने आणि कागदावर ब्रशने खोटं बोलणं. नवरीला गोरी कर, मामाच्या गालावरचा चट्टा काढ, मेलेल्या आजोबांचे डोळे उघड. लोक म्हणतात फोटोवाले फसवतात. फोटोवाल्याला काय पडलीय? घरचेच येऊन काउंटरवर कोपर टेकून सांगतात, ही अशी दिसायला नको, तशी दाखवा. आणि जिच्याबद्दल सांगतात ती बाई बहुतेक वेळा बाहेर उन्हात उभी असते.

त्र्याऐंशीच्या वैशाखात बदलापूर गावातलं एक लग्न आलं. मुलगी मीनल, चिंतामणी मास्तरांची. मुलगा श्रीपाद, अंबरनाथचा. त्याचे वडील विष्णुपंत एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते, म्हणजे घरातसुद्धा ऑफिसरच.

मुहूर्त सकाळचा होता. वऱ्हाडाची बस अंबरनाथहून निघाली आणि चिखलोलीला एका आंब्याखाली थांबली. पुढे गेलेल्या कुणीतरी येऊन सांगितलं होतं की वेशीवर बँड नाही. मास्तरांनी सनईवाला आणि संबळवाला उभा केला होता. विष्णुपंतांनी निरोप धाडला, बँड आल्याशिवाय माझा पाय जमिनीला लागणार नाही. माणूस चालत येईल एवढं अंतर, आणि हा गृहस्थ बसमध्ये मांडी घालून बसला. मास्तर स्वतः जाऊन पाया पडून आले. मला विचाराल तर बसला बाहेरून कडी घालायला हवी होती.

मुहूर्त टळला. माणसं उल्हासनगरला बँड शोधायला धावली. लग्नसराईत रिकामा बँड मिळतोय कुठे? मिळाला तेव्हा दुपार कलली होती. लग्न मग गोरज मुहूर्तावर ठरलं.

तोवर हारांचं काय झालं असेल बघा. पहाटे कल्याणहून आणलेले गुलाबाचे हार. मीनलच्या मावशीने त्यांच्यावर ओला पंचा टाकला, वरून पाणी शिंपडलं, पंख्याखाली ठेवले, पंख्याने सुकतील म्हणून उचलून माठाजवळ ठेवले. जेवढी सेवा झाली तेवढे ते हार कुजले.

फ्लॅशची पिशवी धरायला मी आनंदाबरोबर गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. अंतरपाट खाली आला. मीनलने हार उचलला, श्रीपादच्या टोपीवरून गळ्यात घातला, आणि सगळ्या पाकळ्या एका दमात गळून त्याच्या अंगावर पडल्या. गळ्यात उरला दोरा, खालचा जरीचा गोंडा आणि दोन देठ. एक पाकळी नाकाला चिकटली.

श्रीपादने खाली वाकून दोऱ्याकडे पाहिलं. "एवढ्यावरच भागवलंस?" म्हणाला.

मीनल हसली. पदर तोंडाला लावून, खाली बघून नाही. मान मागे टाकून, दाढा दिसेपर्यंत. मग भटजी हसले. सकाळपासून रडकुंडीला आलेले मास्तर हसले. अख्खा मांडव हसला, आणि बँडवाल्यांना वाटलं हाच इशारा, त्यांनी दणक्यात सिनेमाचं गाणं सुरू केलं. आनंदाने तेवढ्यात बटण दाबलं होतं.

काही दिवसांनी नवरा-बायको छोट्या प्रिंटा बघायला आले. मीनलने सगळ्या पसरल्या आणि तो फोटो उचलला. हा मोठा करा, रंग भरून, बैठकीत लावायचाय. श्रीपाद आनंदाबरोबर बाहेर सोडा प्यायला गेला, तेव्हा मी विचारलं, हाच का? यात तर हारसुद्धा नाही.

ती म्हणाली, "ताई, त्या घरात कुणी मोठ्याने हसत नाही. परवा मी स्वयंपाकघरात हसले तर मामंजी पेपर ठेवून बघायला आले, काय फुटलं म्हणून. हा एकदा भिंतीवर लागला की मग कुणाला नवल वाटणार नाही."

बोलताना हसत होती, पण फोटो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

त्याच आठवड्यात विष्णुपंत आले. बरोबर त्यांची बायको, कुमुदिनीबाई. विष्णुपंतांनी फोटो कोपऱ्याला धरून उचलला, मेलेला उंदीर उचलावा तसा. मोठा हाच करायचा असा मुलाचा हट्ट आहे म्हणाले, तेव्हा करू. पण फुलं पुन्हा भरा, ताजी. लोकांनी विचारलं हार असा का, तर काय सांगायचं? सूनबाईंचं तोंड बंद करा. आणि हात लागलाच आहे तर तिला थोडी उजळ करा.

सकाळी वेळेवर बसमधून उतरला असतात तर फुलं ताजीच होती, हे माझ्या जिभेवर आलं होतं. आनंदा मागून खोकला. मी एवढंच म्हटलं की तिचा रंग चांगला आहे, त्याला मी हात लावणार नाही. विष्णुपंत म्हणाले, मग निगेटिव्ह द्या, कल्याणला पुष्कळ स्टुडिओ आहेत.

निगेटिव्ह गेली की मीनलचं हसणं गेलं. कल्याणवाला काय, सांगाल तेवढं पुसून देईल. मी राग गिळला आणि सांगितलं, आधी छोट्या प्रिंटवर फुलं आणि तोंड करून दाखवते, बघा आणि मग ठरवा.

रागात माझा हात चांगला चालतो. दोऱ्यावर एक-एक गुलाब बसवला, पाकळीला पाकळी लावून, पहाटे खुडल्यासारखा. श्रीपादच्या नाकावरची पाकळी घालवली. मग ब्लेडने मीनलचे दात खरवडले आणि ब्रशने ओठ मिटवले. एवढं सफाईदार काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि एवढं घाणेरडंही नाही. दाढ दुखणारी, गप्प बसवलेली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. ती मीनल नव्हती.

विष्णुपंत बायकोला घेऊन आले, बघून खूश झाले. वा म्हणाले. ऑफिसर माणूस वा म्हणतो ती मोठी गोष्ट.

कुमुदिनीबाई प्रिंट घेऊन दाराशी उजेडात गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो, पण मग ही सगळी माणसं कशाला हसतायत?"

खरंच होतं. हार भरगच्च, नवरी ओठ मिटून, आणि भोवती अख्खा मांडव फिदीफिदी करतोय. बघणाऱ्याला वाटावं, पोरीलाच हसतायत. बिचारीने काय केलं असेल?

विष्णुपंतांनी फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाले, त्यांचीही बंद करा.

मी ब्रश हातात घेतला आणि एका टोकापासून विचारायला लागले. भटजींचं? करा. मास्तरांचं? करा. ही मावशी? करा.

"आणि हे मागचे? पोट धरून हसतायत, टोपी कानावर आलीय?"

"करा की. कोण आहे तो?"

"तुम्ही."

विष्णुपंतांनी खिशातून चष्मा काढला. लावला. पुन्हा काढून धोतराला पुसला आणि लावला. आनंदा खोकायचंही विसरला.

"मी हसत नव्हतो," विष्णुपंत म्हणाले. "मला उकडत होतं."

आता कुमुदिनीबाईच हसल्या. आधी नाकातून, मग पदर शोधायला गेल्या आणि तो सापडेपर्यंत उशीर झाला होता. काउंटरला हात टेकून हसल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, तुमच्या दाढा आज पहिल्यांदा दिसल्या. यातल्या कुणाचंही तोंड मिटवायचं नाही. सुनेचं तर नाहीच." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, जसं होतं तसंच रंगवा. फुलंसुद्धा."

विष्णुपंत बाहेर गेले. शेजारी टहलरामचं फ्रेमचं दुकान होतं, तिथे जाऊन उभे राहिले. टहलराम आपल्या सवयीने ओरडला, "आओ साईं, शादी का है या स्वर्गवासी का?" मी आतून ऐकत होते. मग विष्णुपंतांचा आवाज आला, शादी का, और मोटा सोनेरी दिखाओ.

मी रंग भरायला बसले आणि अडले. ताज्या गुलाबाचा रंग माझ्या हाताला पाठ होता, पण मेलेल्या गुलाबाला कोणता द्यायचा? कुणी कधी मागितलाच नव्हता. तपकिरी रंग मी फक्त बुटांना आणि खुर्च्यांना वापरायचे. तो घेतला, त्यात लाल टाकला, थोडा जांभळा टाकला, कापसाने पुसून पुन्हा लावला. पाकळीची कड काळी पडते आणि मध्ये लाली उरते, हे तेव्हा नीट बघितलं. देवाच्या फोटोवरचा सुकलेला हार समोर ठेवून मी दिवसभर पाकळ्याच करत बसले, भाकरी खायचीही शुद्ध राहिली नाही. मीनलला तिचाच सावळा रंग दिला. तिच्या तोंडात तर ब्रशसुद्धा नेला नाही, कागदावर जसं उमटलं होतं तसं ठेवलं.

त्याआधी एक गोष्ट झाली होती. फ्रेम ठरवून विष्णुपंत परत आले, बायको रस्ता ओलांडून गेलीय हे बघितलं आणि काउंटरवर वाकले.

"माझे दात," हळूच म्हणाले, "जरा पिवळे आहेत."

नवरीला उजळ करणार नाही म्हणून भांडलेली मी. सासऱ्याचे दात मात्र केले. बारीक ब्रशने, एकेक. हसणाऱ्या माणसाचे दात पांढरे केले म्हणून त्याचं हसणं काही जात नाही.

दिवाळीनंतर मीनल स्टुडिओत आली, सहज, कल्याणला मैत्रिणीकडे जाता जाता. फोटो बैठकीत लागलाय, दारासमोरच. आला-गेला विचारतो, हार असा कसा झाला हो? आणि मामंजी स्वतः उठून, काठीने एकेक माणूस दाखवत, सगळी हकीकत सांगतात. फक्त एवढंच सांगतात की चिखलोलीला बस बंद पडली होती.

"आणि तू काय करतेस?" मी विचारलं.

"मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात असतो," मीनल म्हणाली. "बस बंद पडली म्हटलं की आमच्या हातातलं काहीतरी पडतंच. आता काय फुटलं म्हणून बघायला कुणी येत नाही."