प्लायच्या भिंतीचं घर

मी एक जुनी भिंत आहे. हसू नका मित्रांनो, घर नसलेली भिंतही असते. मी प्लायवूडची. समोरून रंगरंगोटी आणि मागून पट्ट्या, खिळे, वाळूच्या गोण्या. वरून झकपक आणि आतून पोकळ अशी माणसंही असतात, फक्त ती कबूल करत नाहीत.

सुतारमामांनी मला टीव्हीच्या मालिकांसाठी बनवलं, माझ्यात एक दारही बसवलं. कधी मी श्रीमंताचा दिवाणखाना झाले, कधी दवाखाना. रंगाचे इतके थर चढले की मूळचं अंग कुठलं ते मलाच आठवेना. "सेट झकास आहे," असं कुणी म्हटलं की मी फुगायचे. काही नायक तर असे यायचे, की त्यांच्यापेक्षा माझ्याच तोंडावर जास्त भाव असायचे.

पण एक खोड होती. दार आपटलं की मी डुगडुगायचे.

एकदा एका टेलिफिल्मचं काम चाललं होतं. त्यात आई झालेल्या बाईंना सगळे मावशी म्हणत. आजवर प्रत्येक मालिकेत त्यांनी "जेवलास का रे?" एवढंच विचारलं होतं. या वेळी मात्र एक खरा प्रसंग वाट्याला आला होता. मुलगा कायमचा घर सोडून जातो आणि आई त्याच्यामागे धाडकन दार लावते.

मावशींनी दार आपटलं, मी गदगदा हलले. मामांनी गोण्या वाढवल्या, तरी तेच.

दिग्दर्शक वैतागला. "मावशी, हा प्रसंग काढूनच टाकू. मुलगा गेल्याचं फोनवर कळेल."

मावशींचा चेहरा उतरला. माझ्यापायी बाईंच्या तोंडचा घास जाणार म्हणून मी शरमले.

"फोनवर कशाला? आई घरातच आहे ना?" मावशी म्हणाल्या. "एकदा माझ्या पद्धतीनं लावू दे. नाही पटलं तर खुशाल काप."

"आणि भिंत हलली तर?"

"तिचं मी बघते."

मुलगा बाहेर पडला. आत तान्हं बाळ झोपलंय अशा बेतानं, कडीचाही आवाज होऊ न देता, मावशींनी दार लावलं. मग माझ्यावर पाठ टेकली. रडल्या नाहीत. श्वास आत घेतला, तो बाहेर येईना. त्यांचं अंग थरथरू लागलं आणि त्यांच्याबरोबर माझंही.

"भिंत हलतेय," सहायक कुजबुजला.

"गप रे," कॅमेरामन म्हणाला. "घर हलतंय."

दिग्दर्शक थांबा म्हणायचंच विसरला.

पुढे ती टेलिफिल्म टीव्हीवर लागली. पाहून मामांची बायको म्हणाली, "काय भक्कम घर होतं हो ते." मामा दुसऱ्या दिवशी येऊन मला एक जास्तीची पट्टी ठोकून गेले.

आता मी गोदामात आहे. ओलीनं कोपरे फुगलेत. मित्रांनो, मला कोरड्यात ठेवा, सुटलेला खिळा ठोका. रंग कुठलाही द्या, मी कुरकुरणार नाही. फक्त पाठ टेकायला माणूस त्या तोलाचं आणा. घर त्याच्यानं होतं, माझ्यानं नाही.