मी ऐकलेली चेहऱ्याची लाट

मित्रांनो, लोक मला टोपी म्हणतात, पण माझ्यामुळे ना ऊन अडते ना थंडी. रबरी दोऱ्यांची विरळ जाळी, गाठीगाठीत बसवलेल्या स्पंजच्या चौसष्ट चकत्या आणि मागे वेणीसारखा लोंबणारा वायरींचा झुबका, असे माझे रूप. मला पहिल्यांदा पाहणारे मूल दोन पावले मागे सरकते आणि विचारते, "शॉक बसेल का?" नाही बसत. मी डोक्यात काहीही सोडत नाही, फक्त ऐकते. मेंदू काम करतो तेव्हा विजेची अगदी बारीक कुजबुज होते. ती टिपायची आणि पडद्यावर रेघा म्हणून पाठवायची, एवढीच माझी नोकरी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका कारागीर बाईने डोळ्याला भिंग लावून माझी एकेक तार डाख देऊन जोडली. शेवटची तार जोडल्यावर तिने मला स्वतःच्याच डोक्यावर चढवले आणि शेजारणीला विचारले, "कशी दिसते?" शेजारीण म्हणाली, "चाळणीत अडकल्यासारखी." ही माझी पहिली स्तुती.

मग मी या खोलीत आले. येथे लहान मुलांचे मेंदू चेहरे कसे ओळखतात, याचा अभ्यास चालतो. तपासणी करणाऱ्या ताई मला कोमट मिठाच्या पाण्यात भिजवतात, त्यात बाळांच्या शाम्पूचे चार थेंब टाकतात आणि टेपने डोके मोजून मला हलकेच बसवतात. पाणी मानेवर ओघळू नये म्हणून टॉवेल आधीच गुंडाळलेला असतो. मूल जेवून आले आहे का, झोपेला आलेले नाही ना, सर्दी नाही ना, हे सगळे मीसुद्धा निरखत असते. शिंक आली की माझ्या सगळ्या रेघा भुतासारख्या नाचतात.

वर्षानुवर्षे मी डोकी ऐकली. जन्मल्यावर काही तासांतच बाळ दोन डोळे आणि एक तोंड अशा मांडणीकडे मान वळवते. सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांच्या चेहऱ्यांतलाही फरक कळतो, हे ताईंकडून ऐकले तेव्हा मी थक्क झाले. नऊ महिन्यांपर्यंत बहुतेकांची ही करामत ओसरते, कारण मेंदू रोज दिसणाऱ्या चेहऱ्यांत मुरू लागतो. मोठ्या माणसाला चेहरा दाखवला की सेकंदाच्या सहाव्या हिश्शात कानांच्या मागच्या बाजूला एक टोकदार लाट उठते. कप किंवा घड्याळ दाखवले तर ती बरीच बुटकी असते. बाळांमध्ये हीच लाट रेंगाळत येते, पसरट असते, आणि वर्षागणिक चटपटीत होत जाते. पार मिसरूड फुटण्याच्या वयापर्यंत तिची ही घडण चालू असते.

पाहुणे यायचे, माझे कौतुक करायचे. मला थोडी शिंगे फुटली. वाटू लागले, डोके कुणाचेही असो, ही लाट मला भेटणारच. आणि एका सकाळी माझ्या चकत्यांखाली भिंगरीचे डोके आले.

भिंगरी हे तिचे घरातले नाव. वय साडेसहा, पाय एका जागी ठरत नाहीत. सोबत आई आणि आजी. आईचे केस कुरळे, नाकावर चष्मा, हातात पाण्याच्या दोन बाटल्या, खाऊचा डबा आणि जादा कपड्यांची पिशवी. ताईंनी "बसा" म्हटले तरी ती उभीच राहिली.

"महिन्यापूर्वी आम्ही पोहायला गेलो होतो," ती सांगू लागली. "ही एका परक्या बाईचा हात धरून सरळ चालायला लागली. कपडे बदलायच्या खोलीपर्यंत गेली. मी दहा मिनिटं शोधत होते."

"शाळेत बाई म्हणतात, शिष्ट आहे," आजी म्हणाली. "वाटेत मैत्रीण भेटली तरी बघत नाही. मी म्हणते, सगळी नाटकं. भूक लागली की आईला बरोबर ओळखते."

"आई, जरा थांबा ना," आई सासूला म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने ताईंना विचारले, "मी मध्यंतरी पुन्हा नोकरी धरली. माझ्यावर रुसून मुद्दाम करत असेल का हे? तिला मी नकोशी झालेय का, तेवढं मला कळायला हवंय."

म्हणजे तिला मेंदूची भीती वाटतच नव्हती. तिला भीती होती ती लेकीची माया आटल्याची.

ताईंनी चित्रे तयार केली. काही अनोळखी चेहरे, काही कप आणि घड्याळे, आणि मध्येच एक फोटो आईचा. त्यासाठी, भिंगरी आजीबरोबर बाहेर असताना, आईला चष्मा काढायला लावला, केस पांढऱ्या कापडी टोपीत कोंबायला लावले आणि साडीचा रंग दिसू नये म्हणून अंगावर पांढरा कोट चढवला. फोटो काढून झाला तशी ती त्याच वेशात धावत काचेपलीकडच्या खोलीत गेली. चष्मा टेबलावरच राहिला. शेजारी आजी बसली. आमच्या खोलीतला आवाज त्यांना स्पीकरवर ऐकू जात होता.

मी भिंगरीच्या डोक्यावर चढले आणि पडद्यावर पहिला चेहरा आला. मी कान टवकारले. कानांमागे एक बुटकी लाट उठली. मग कप आला. तेवढीच बुटकी लाट. पुन्हा चेहरा, मग घड्याळ, पुन्हा चेहरा. मित्रांनो, मला वाटले माझीच तार तुटली. ताईंनाही तसेच वाटले असावे. त्यांनी येऊन माझ्या चकत्या एकेक दाबून पाहिल्या, दोन-तीन पुन्हा ओल्या केल्या. पुन्हा तेच. साडेसहा वर्षे माणसांत वावरलेल्या या डोक्यात चेहरा आणि कप यांचे स्वागत सारखेच होत होते.

मग आईचा फोटो आला. ओळखीचे माणूस दिसले तर हिरवे बटण दाबायचे होते. भिंगरीने लाल दाबले.

"नीट बघ हं," ताई म्हणाल्या. "कोण आहे?"

"कुणीतरी काकू आहेत."

"कशा वाटतात?"

भिंगरीने मान तिरकी केली. "घाबरल्यात. खूप घाबरल्यात. त्यांचं काही हरवलंय का?"

चेहऱ्यावरची भीती तिला अचूक वाचता आली. तो चेहरा कुणाचा, तेवढे मात्र कळले नाही. माझ्या चौसष्ट चकत्यांतले पाणी जणू एकदम गार पडले.

दार उघडले. आई आत आली आणि आमच्यासमोर येऊन उभी राहिली. पांढरी टोपी, पांढरा कोट, चष्म्याविना डोळे. भिंगरीने तिच्याकडे पाहिले आणि नम्रपणे विचारले, "काकू, माझी आई बाहेर आहे ना?"

मागे दारात आजी होती.

"इथेच आहे मी," आई कशीबशी म्हणाली.

तो आवाज ऐकताच भिंगरीचे सगळे अंग सैल झाले. माझ्या रेघा उसळल्या, कारण ती खुदकन हसली होती. "तू होय. तू अशी का झालीस? चष्मा कुठाय?"

"चष्मा नसला तर तुला मी कळत नाही?"

"बोललीस की कळतेस," भिंगरी म्हणाली, जणू सगळ्या जगाचे असेच असते.

ताईंनी समजावले की एका दिवसाच्या रेघांवरून निकाल लावायचा नसतो, अजून तपासण्या होतील. पण काही मुलांच्या मेंदूत चेहरे ओळखण्याची ही घडणच वेगळी होते. डोळे ठणठणीत, बुद्धी तल्लख, माया अख्खी. अशी मुले आवाजावरून, केसांवरून, चालण्यावरून माणसे ओळखतात.

आई ऐकत होती की नाही, कोण जाणे. ती गुडघ्यांवर बसली. "त्या दिवशी पोहायला गेलो होतो, तेव्हा मी तुला शोधून काढलं..." ती अडखळली.

"तू नाही," भिंगरी म्हणाली. "एक काकू आल्या होत्या. निळी टोपी, पोहायचा मोठा गॉगल. त्यांनी मला थोबाडीत मारली, काही न बोलताच. मी आई, आई करून रडत होते. मग तू चष्मा घालून आलीस, तेव्हा मी तुला सांगितलं की. तू काहीच बोलली नाहीस."

आजीने सुनेकडे पाहिले. ही गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. आणि मला कळले की ही बाई आता गप्प बसली, तर मुलीला कधीच काही कळणार नाही. ती चपराक जन्मभर एका परक्या काकूच्या नावावर राहील, आणि आई स्वच्छ राहील.

"ती काकू मीच होते," आई म्हणाली.

भिंगरी दोन्ही तळहात आईच्या गालांवर ठेवून म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं ना, मी आहे म्हणून. मी किती घाबरले होते."

मित्रांनो, आता माझे रबर सैल पडले आहे, सात चकत्या मुक्या झाल्या आहेत आणि माझ्या जागी नवी टोपी यायची आहे. मला पिळू नका, वायरींना धरून उचलू नका, सावलीत वाळवा, एवढेच स्वतःसाठी मागते. दुसरे मागणे तुमच्या वर्गातल्या त्या लेकरासाठी आहे, जे तुमच्या शेजारून ओळख न दाखवता निघून जाते. त्याला शिष्ट म्हणण्याआधी चार पावले पुढे जा आणि आपले नाव सांगा. आणि घरातल्या मोठ्यांना सांगा, की हात उचलण्याआधी तोंड उघडा. समोरच्या लेकराला आपण कोण वाटतो आहोत, हे मोठ्यांना त्या क्षणी ठाऊक नसते.