माडावरून दिलेली हाक

इन्स्पेक्टर रघुवीर लाच खातो याचं गुणाजीला काही वाटत नव्हतं. खातातच मेले. आबकारी खात्यात शिरून हात कोरडा ठेवलेला माणूस दादरच्या माडबनात कुणी बघितला नव्हता. पण गुणाजीने लाच द्यायची नाकारली म्हणून त्याने गुणाजीच्या धाकट्या भावाला, लवूला, तुरुंगात घातलं, आणि लवू तिथेच हगवणीने मेला. ते वाटलं. फार वाटलं.

गोष्ट साधी. ज्या माडाची माडी काढायची त्याच्या बुंध्यावर सरकारी नंबर लागतो, आणि नंबरावर कर. कर भरून झाल्यावर रघुवीर वर दहा रुपये मागायला आला. गुणाजी जातीचा भंडारी, ताठ मानेचा. "एक पै जास्त मिळायची नाही," म्हणाला. चार दिवसांनी लवूच्या माडाचा नंबर कुणीतरी तासलेला निघाला. बिननंबरी माड, तीन महिन्यांची सजा. कुणी तासला ते साऱ्या वाडीला ठाऊक होतं. पण सांगणार कुणाला? चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

त्यानंतर वर्षभर गुणाजी रघुवीर दिसला की वाकून रामराम घालायचा. लोक म्हणाले, भाऊ गेला आणि गुणाजी मऊ झाला. मऊ झाला डोंबलाचा! तो वाट बघत होता.

माडावर चढण्याआधी बुंध्याशी उभं राहून "माडावर चढतोय होऽ" अशी हाक द्यायची, हा भंडाऱ्यांचा रिवाज. मग आजूबाजूच्या परसात न्हाणाऱ्या-धुणाऱ्या बायका आत जायच्या. हाक न देता चढणाऱ्याला जात वाळीत टाकायची आणि सरकार त्याचा परवाना काढून घ्यायचं. त्यामुळे रघुवीर निर्धास्त असे. हाक ऐकू आली नाही म्हणजे वर माणूस नाही. त्याच्या घराच्या पुढच्या दारी पट्टेवाला बसायचा, म्हणून लाच घ्यायची ती मागच्या परसात, माडाखाली.

त्या दिवशी नवा गोरा साहेब माड मोजायला स्वतः दादरला आला होता. दुपारी तो रघुवीरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याकडेच्या आंब्याखाली जेवायला बसला, आणि ताडीच्या दुकानाचा मक्तेदार रमाकांत रघुवीरच्या परसाकडे वळला. त्याचे चाळीस माड बिननंबरी होते. गुणाजी आडवाटेने त्याच्या आधी तिथे पोचला, आजूबाजूच्या परसांत बाईमाणूस नाही हे नीट बघून घेतलं, आणि रघुवीरच्या माडावर हाक न देता चढला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.

खाली पिशवी या हातातून त्या हातात गेली. रघुवीरने ती कोंबड्यांच्या खुराड्यात कोंबली. मग गुणाजीने हाक दिली.

"इन्स्पेक्टर लाच घेतोय होऽ! पिशवी खुराड्यात हाय होऽ!"

रमाकांत कुंपणावरून उडी टाकून पळाला. रघुवीरने पिशवी ओढून काढली आणि शेणाच्या ढिगाऱ्यात खुपसली.

"आता शेणात घातली होऽ!"

त्याने ती उपसली, विहिरीकडे धावला.

"विहिरीकडं चाललाय होऽ!"

आसपासच्या दारांतून माणसं बाहेर आली. विहिरीशीही दोघे येऊन उभे राहिलेले. शेणाने माखलेली पिशवी घेऊन रघुवीर परत माडाखाली आला.

"गुणाजी, खाली ये बाबा. निम्मे तुझे."

गुणाजी आणखी हातभर वर सरकला.

"सगळे घे. वीस माडांचा परवाना देतो. तुला काय हवं ते माग."

"लवू द्या," गुणाजी म्हणाला.

"वेडा आहेस काय? मेलेला माणूस कुठून देऊ?"

"मी भाव सांगितला. परवडत नसंल तर ऱ्हाऊ द्या." आणि त्याने पुन्हा हाक दिली, साहेब येईपर्यंत देतच राहिला.

साहेबासमोर रघुवीर पिशवी छातीशी धरूनच ओरडत होता, "हा हाक न देता चढला! याला आधी धरा!" साहेबाने दुभाष्याकरवी विचारलं, खरं का? गुणाजी म्हणाला, खरं. हाक दिली असती तर हा बाहेर आला असता काय? साहेब हसला नाही. कायदा तो कायदा, म्हणाला. रघुवीरला शिपायांच्या ताब्यात दिलं आणि गुणाजीचा परवाना फाडला. गुणाजीने माडी काढायची कोयती काढून साहेबाच्या पायाशी ठेवली. बापाच्या हातची होती ती. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

घरी लवूची बायको काशीबाई चुलीशी होती. डोईवरचा पदर सारखा करून ती उभी राहिली.

"त्याला नेला," गुणाजी म्हणाला. "माझा परवाना पण गेला, काशी. उद्यापासून गिरणीत हमाली बघायला हवी."

तिने परवान्याचं काही विचारलं नाही.

"भावोजी, नेताना तो रडला का?"

"रडला. पट्टेवाल्याच्या पाया पडला."

काशीबाईने मडक्यातून आणखी एक मूठ तांदूळ घेतले. लवू गेल्यापासून ती एक वेळच जेवत होती.

"बसा," ती म्हणाली. "आज मी पण जेवणार आहे."