कपाटावरची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. डोक्याखाली घ्यायची नव्हे. तसल्या घरोघरी लोळत पडलेल्या असतात. मी काखेत धरायची उशी. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, की हात अंगाला टेकला तरी टाके ओढतात. त्या हाताच्या आणि दुखऱ्या जागेच्या मधे मी बसते. शब्द ऐकून खाली बघू नका. शरीरच आहे ते, सगळ्यांना असतं.

मला कात्रीमावशीने शिवलं. तिच्या हातातली कात्री धारदार, तोंडातली त्याहून. ती स्वतः या दुखण्यातून उठलेली. इस्पितळाच्या औषधदुकानामागे तिची एक खोली होती. डॉक्टरांना विचारायला ज्यांची जीभ रेटत नसे, ते लोक तिथे येऊन विचारायचे.

"नातवाला जवळ घेतलं तर चालेल का हो?"

"घट्ट घ्या," मावशी म्हणायची. "हा आजार शिवल्याने लागत नाही. लोकांच्या अकलेला मात्र काय लागलंय, देव जाणे!"

त्या खोलीची एक रीत होती. मला टेबलावरून कुणी उचलायचं नाही. आधीच्या बाईने बरं वाटलं की माझं कव्हर धुऊन, मला उन्हात वाळवून स्वतः यायचं, पुढचीच्या हातात मला द्यायचं आणि आपल्याला कुणीच न सांगितलेली एक गोष्ट तिला सांगायची. अशी मी किती काखांत राहिले! डाव्या बाजूला असले की काळजाचे ठोके ऐकू यायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

मग मी बेकरीवाल्यांच्या थोरल्या सुनेकडे गेले. बाई बरी झाली, पण मला परत नेईना. "हिनं मला तारलंय. ही घराबाहेर गेली, की दुखणं आत येईल," म्हणाली. पिशवीत घालून, डांबरगोळ्या टाकून तिने मला कपाटावर ठेवलं. रोज खालून हात जोडायची. मान मिळाला हो, पण ऊब गेली. तिथून मला खिडकीचा तुकडा दिसे. आज त्या खोलीत कोण आली असेल, रिकामी काख घेऊन कोण घरी गेली असेल, हेच मनात येई. ठोके आठवत मी नुसती पडून राहायचे.

एके दुपारी थोरली आणि तिची धाकटी जाऊ खाली कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"जाऊबाई, तुमची गाठ दुखायची का हो?"

"नाही. दुखली असती तर लवकर डॉक्टरकडे नसते का गेले? का गं?"

"सहज."

"सहज तू कधी शिंकलीसुद्धा नाहीस. कधीपासून आहे?"

धाकटी रडायला लागली. "म्हटलं, दुखत नाही, तर कशाला तमाशा?"

"तमाशा केला म्हणून मी जिवंत आहे! चप्पल घाल."

"सगळ्याच गाठी तसल्या नसतात म्हणे."

"नसतात. पण ते डॉक्टर ठरवतील, तू नाही."

ती गाठ तसलीच निघाली. पण लवकर सापडली होती. ऑपरेशन ठरलं, तसं थोरलीने स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. पिशवी सोडली, कव्हर धुतलं, मला ऊन दाखवलं. पण ऑपरेशननंतर धाकटीच्या खाटेपाशी उभी राहिली, तेव्हा तिची बोटं माझ्यावरून सुटेनात. किती घट्ट धरलं होतं तिने मला!

"राहू द्या जाऊबाई," धाकटी हळूच म्हणाली. "तुम्हाला भीती वाटते ना?"

"वाटते. तू गप्प बस आणि हात जरा उचल."

मी काखेत गेले. थोरली खुर्चीवर बसली आणि रीतीप्रमाणे बोलली.

"कुणी मला सांगितलं नव्हतं, तुला सांगते. दुखतो म्हणून हात जपून ठेवावासा वाटेल. ठेवू नकोस. डॉक्टर सांगतील तेवढा रोज हलव. जपून ठेवला की आखडतो." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरी झालीस की ही उशी त्या खोलीत तू नेऊन द्यायचीस. मी बरोबर येईन. माझ्या हातून एकटीने व्हायचं नाही."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारातून उठलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा. त्याला जे कळलंय ते कपाटावर चढवू देऊ नका. मी इथे आहे, डाव्या बाजूला. ठोके ऐकते आहे. आणि ज्या बाईला मी अजून पाहिलेलं नाही, तिची आत्तापासून वाट बघते आहे.