छत्तीस हुकांचा झगा

नाटकाचं नाव 'पाठीवरचे हात'. दीडशे वर्षांपूर्वीचं एक घर, त्यात दोन बहिणी, आणि तीन अंकभर दोघींची एकमेकींवर माया. त्यासाठी लेखकाने सहा वर्षं बायकांच्या मनाचा अभ्यास केला होता. तसं तो विचारणाऱ्याला सांगे आणि न विचारणाऱ्यालाही. त्या सहा वर्षांत त्याच्या सदऱ्यांना इस्त्री त्याची आई करत होती. तिच्या मनाचा अभ्यास तेवढा राहून गेला होता.

कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींना नाटकाशी देणंघेणं नव्हतं, झग्याशी होतं. थोरल्या बहिणीचा तो गडद हिरवा झगा, आणि पाठीवर मानेपासून कमरेखालपर्यंत छत्तीस हूक. दिग्दर्शकाला बटणं चालत नव्हती आणि चेनचं तर नाव काढायची सोय नव्हती. तिसऱ्या अंकात धाकटी बहीण थोरलीच्या पाठीवरचा एकेक हूक सोडते आणि प्रत्येक हुकाला एक वाक्य बोलते. मावशींनी तालमीत ती छत्तीस वाक्यं ऐकली आणि मनात म्हणाल्या, बरं झालं, अठ्ठेचाळीस लावले नाहीत.

आता गंमत अशी, की या मायाळू बहिणींचं काम करणाऱ्या दोघी खऱ्या आयुष्यात नणंद-भावजय होत्या आणि चार वर्षं एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. नणंदेच्या लग्नात भावजयीने नवऱ्यामुलाच्या आत्याला नणंदेचं खरं वय सांगितलं होतं. लग्न टिकलं, बोलणं तुटलं. नाटकवाले दोघींना वहिनी आणि वन्संच म्हणत. थोरली बहीण वहिनी, धाकटी वन्सं.

पहिल्याच तालमीला दिग्दर्शकाने मावशींना कोपऱ्यात घेतलं.

"मावशी, या दोघींना एकमेकींशी बोलायची वेळ येऊ द्यायची नाही. निरोप तुम्ही पोहोचवायचे. नाटक उभं राहिलं तर कपडेपट तुमचाच. नाही राहिलं, किंवा एक टाका जरी उसवला, तर पुढच्या नाटकापासून भाड्याचे कपडे."

मावशींचा एकोणतीस वर्षांचा कपडेपट. त्यातली खुंटी न् खुंटी त्यांच्या ओळखीची. त्या कामाला लागल्या.

वहिनी म्हणायच्या, "त्या बाईसाहेबांना सांगा, माझा हात असा धरतात की जशी भाजीत अळी सापडलीय."

वहिनींच्या खोलीपासून वन्संच्या खोलीपर्यंत अकरा पावलं. तेवढ्यात मावशी निरोप धुऊन, पिळून, वाळवून घ्यायच्या.

"वहिनी म्हणतात, हात जरा घट्ट धरा. आधार वाटतो."

"आधार हवा तर भिंत धर म्हणावं!"

आणि अकरा पावलं परत. "वन्सं म्हणाल्या, हो, अगदी."

दोन महिन्यांत असे एकशे चौदा निरोप झाले. पाचव्या आठवड्यात प्रकरण हातघाईवर आलं. प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांना नमस्कार करायला आधी कोण येणार यावरून दोघी आपापल्या खोलीत कडी लावून बसल्या. तेव्हा मावशींनी पदरचा निरोप तयार केला. वन्संना सांगितलं, "वहिनी म्हणाल्या, लग्नात मी बोलले ते चुकलंच. पण हा विषय समोर काढू नका, मला लाज वाटते." मग अकरा पावलं चालून वहिनींना सांगितलं, "वन्सं म्हणाल्या, इतकी वर्षं धरून बसले, माझंच चुकलं. पण विषय काढू नका, रडू येतं." दोन्ही कड्या निघाल्या. आपली माफी कुणीतरी मागितली या समाधानात दोघी रुबाबात वावरू लागल्या. बोलत मात्र नव्हत्याच. विषय काढायचा नव्हता ना!

शुभारंभाचा प्रयोग दुपारी चारला होता. हिरवा झगा सकाळी हातात आला, कारण दिग्दर्शकाला 'त्या काळचा हिरवा' सापडेपर्यंत कापड तीनदा रंगवून झालं होतं. माप वहिनींनी घेऊ दिलं नव्हतंच. चिठ्ठीवर आकडा लिहून पाठवला होता. मावशींनी चिठ्ठीतल्या खोटेपणासाठी नेहमीची चार बोटं वाढवली होती. खोटेपणा निघाला सहा बोटांचा.

तिसऱ्या अंकाआधीच्या मध्यंतरात झगा चढवला, मावशींनी हूक लावायला घेतले, आणि विसाव्या हुकाला वहिनींनी श्वास घेतला. पटापट पटापट हूक उडाले. एक आरशावर जाऊन आपटला.

"कापडच कच्चं आहे," वहिनी म्हणाल्या.

"हो ना," मावशी म्हणाल्या आणि सुई काढली. तिसरी घंटा व्हायला सात मिनिटं होती. त्यांनी हिरव्या दोऱ्याने सगळी पाठच शिवून टाकली. टाका साखळीचा घातला. एक टोक ओढलं की सरसर उसवत जाणारा. ते टोक मानेपाशी वीतभर लोंबतं ठेवलं. मग धावत पलीकडच्या विंगेत.

"वन्सं, हूक गेले. शिवलंय. मानेपाशी दोरा आहे, एकेका वाक्याला थोडा थोडा ओढा, आपोआप सुटेल."

"किती फुगलीय ती, मावशी?"

"कापड कच्चं आहे," मावशी म्हणाल्या. सवयच लागली होती.

इकडे वहिनींनी रंगमंचावर पाऊल टाकण्याआधी शेवटचं मान वळवून आरशात पाहिलं. मानेवर दोरा लोंबतोय! सव्वीस वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई, लोंबता दोरा अंगावर ठेवून प्रेक्षकांसमोर जाते की काय? त्यांनी कात्री घेतली आणि टोक मुळापासून उडवलं.

तिसऱ्या अंकाचा तो प्रसंग आला. वहिनी स्टुलावर पाठमोऱ्या बसल्या, वन्सं मागे उभ्या. मावशी विंगेत, दोन हातांवर.

"ताई, पहिला हूक आपल्या अंगणाचा," वन्सं मोठ्याने म्हणाल्या. मानेवर बोटं फिरली. फिरतच राहिली. मग ओठ न हलवता, चार वर्षांतलं पहिलं वाक्य आलं, "दोरा कुठाय?"

"कापला."

"कशाला?"

"लोंबत होता."

"अगं, तोच ओढायचा होता!"

 मावशींच्या डोळ्यांपुढे भाड्याच्या कपड्यांची गाडी दिसायला लागली.

"दुसरा हूक आईच्या हाकेचा," वन्सं म्हणाल्या आणि वाकून त्यांनी सरळ दात लावले. करकर आवाज झाला. एक टाका तुटला. प्रेक्षागृहात कुणीतरी हुंदका दिला.

"चावू नका मला!"

"हलू नकोस मग. माफी मागितलीस म्हणून सांभाळून घेतेय, नाहीतर इथेच ठेवली असती शिवलेली."

"माफी? मी? माफी तुम्ही मागितलीत!"

"मी कशाला मागू? वय माझं सांगितलंस तू!"

"सातवा हूक," वन्सं मोठ्याने म्हणाल्या. मधले चार कुणाच्याच लक्षात आले नाहीत. "सातवा हूक न बोललेल्या शब्दांचा." मग पुन्हा हळू, "तुला कुणी सांगितलं मी माफी मागितली?"

"मावशींनी."

"मलाही."

दोन्ही माना सावकाश विंगेकडे वळल्या. मावशींनी पडद्याच्या घडीत तोंड लपवलं. तेवढ्यात वहिनींचे खांदे गदगदू लागले. दाबलेलं हसू होतं ते; पण पाठमोऱ्या बाईचे खांदे हसताना आणि रडताना सारखेच हलतात. वन्संनी हसू लपवायला त्यांच्या पाठीवर कपाळ टेकलं. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या, मागच्या रांगेतले पुरुष घड्याळ बघायचे थांबले. उरलेली सगळी वाक्यं गाळून वन्संनी टाके तोडले, आणि तुटतील तसा झगा उसासा टाकत सुटत गेला.

पडदा पाच वेळा उघडावा लागला.

"दातांनी!" दिग्दर्शक आत ओरडत आला. "मला हेच हवं होतं! पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं!"

"संहितेत होतंच ते," लेखक म्हणाला, "दोन ओळींच्या मध्ये."

मावशी कपडेपटात इस्त्री घासत बसल्या होत्या. दार ढकलून दोघी आत आल्या. एकत्र. वन्संनी कडी लावली.

"आम्हाला वेड्या समजलात?" वहिनी.

"दोन महिने!" वन्सं.

"तोंडावर गोड गोड..."

"...आणि आतून सगळं स्वतःचं!"

एकीने वाक्य सुरू करावं, दुसरीने संपवावं. लेखकाच्या बहिणींना तीन अंकांत जे जमलं नव्हतं ते या दोघींना चार मिनिटांत जमलं. वहिनींच्या मानेवरचा ओरखडा वन्संनी बोलता बोलता ओल्या कापसाने पुसला आणि शेवटी दोघींनी एकमुखाने जाहीर केलं की आजपासून मावशींशी बोलणं बंद. हातात हात घालून गेल्या.

कपडेपट मात्र राहिला. दिग्दर्शकाचा हुकूमच निघाला की प्रत्येक प्रयोगाला झगा अंगावर शिवायचा आणि दातांनीच तोडायचा. भाड्याच्या दुकानात असं शिवणारी कुठून मिळणार?

दुसऱ्या प्रयोगाला वहिनी मावशींकडे पाठ करून मुकाट्याने उभ्या राहिल्या. निरोप आणायचं काम आता लेखकाकडे होतं. तो दारात घुटमळला.

"मावशी, त्या म्हणाल्या... म्हणजे दोघीही म्हणाल्या... तुम्ही लबाड आहात."

"असंच म्हणाल्या?"

"अगदी शब्दशः."

सहा वर्षांच्या अभ्यासाची मावशींना कीव आली. "आणखी काही?"

"हो. टाके जरा सैल घाला म्हणाल्या वहिनी. वन्संचे दात दुखतात."

मावशींनी वहिनींच्या पाठीकडे पाहिलं.  मग त्यांनी सुईतला दोरा काढला, दुहेरी केला आणि पहिला टाका घातला.