वाडग्यातली शेवटची मेंढी

वायसालेची वही निळ्या पुठ्ठ्याची होती आणि तिच्यात क्लेम हॅनाफोर्डचे शब्द होते. मंगळवारी आणि शनिवारी क्लेमची मुलगी नेरीडा कोबारहून दोन तास गाडी हाकत बर्कला यायची, तेव्हा वृद्धाश्रमाच्या दारातच वायसाले ती वही घेऊन उभा असायचा.

वायसाले फिजीचा. पन्नाशीचा, धिप्पाड, रविवारी चर्चमध्ये खड्या आवाजात गाणारा. क्लेमला उठवणं, न्हाऊ घालणं, जेवू घालणं हे त्याचं काम. इंग्रजी त्याला चांगलं यायचं, पण क्लेम जे बोलायचा ते कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने पन्नास वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली होती. आता डोक्यातलं बाकी सगळं विस्कटलं, तरी कातरणीच्या शेडमधली बोली तेवढी जागच्या जागी होती. वायसालेला तो कॉल समजायचा, शेडमधला आपला जुना जोडीदार, आणि दिवसभर त्याच्याशी बोलत बसायचा.

"स्मोको मला कळलं," वायसाले म्हणाला. "साडेनऊला कामाची सुट्टी आणि चहा. नाही मिळाला की आकाशपाताळ एक करतात. पण हे बघा. शुक्रवारी म्हणाले, आर्वोला यूट लागेल."

"आर्वो म्हणजे दुपार. यूट म्हणजे मागे हौदा असलेली गाडी. मागितली तरी देऊ नका हं."

"मी सायकलसुद्धा देणार नाही. आणि क्रूक?"

"आजारी. पण बाबा 'जरासा क्रूक' म्हणाले तर सरळ डॉक्टरला बोलवा. घोड्याने तीन बरगड्या मोडल्या होत्या तेव्हाही ते जरासेच क्रूक होते."

वायसाले खो खो हसला आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. नेरीडाही हसली. त्या इमारतीत तिला हसू यायचं ते फक्त या दारात, कारण पुढे आठ नंबरची खोली होती.

खोलीतून बाबांचा आवाज येत होता. चांगला खणखणीत, शिव्यांची फोडणी दिलेला. कुणा मालकाच्या कंजूषपणाची गोष्ट रंगात आली होती आणि ती खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीला सांगितली जात होती. नेरीडाने दार ढकललं. बाबांनी मान वळवली, तिला पाहिलं आणि मोठ्याने हाळी दिली, "तळ्यावर बदकं!"

मग ते गप्प झाले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शहाण्या मुलासारखे.

ही शेडमधली हाळी. बाईमाणूस शेडकडे येताना दिसलं की दाराजवळचा माणूस ती द्यायचा आणि आत सगळ्यांच्या जिभा जागच्या जागी थांबायच्या. बायकांच्या कानावर शिवी पडू नये, वावगं काही पडू नये, म्हणून. यात मान होता, हे नेरीडाला ठाऊक होतं. पण सात वर्षांची असताना आईबरोबर स्मोकोची टोपली घेऊन ती शेडवर जायची तेव्हा तिला वाटायचं, लोकर कातरणारी माणसं मुकीच असतात. यंत्रांची घरघर आणि वीस मिटलेली तोंडं. घरी आल्यावरही बाबांचं तोंड मिटलेलंच असायचं, कारण घरात सगळी बदकंच होती, एक ट्रेवर सोडला तर.

ट्रेवर तिचा मोठा भाऊ. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, ती अठराची असताना, एका शनिवारी ब्रेवॉरिनाला नाच होता. तिला परत आणणारी मैत्रीण कुणाबरोबर तरी निघून गेली. नेरीडाने घरी फोन केला, मला न्यायला या. न्यायला ट्रेवर निघाला. वाटेत कांगारू आडवा आला आणि यूट झाडावर आदळली. तो गेला तेव्हा वीस वर्षांचा होता.

आई एकदाच बोलली. "कशाला केलास गं फोन?" एवढंच, पण ते नेरीडाच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. बाबांनी तर ब्रही काढला नाही. ना तेव्हा, ना आईच्या अंत्यविधीला, ना नंतर कधी. फक्त ती कुठेही निघाली की म्हणायचे, "रस्त्यावर कांगारू असतात. जपून जा." इतरांचे बाप हे मायेने म्हणत असतील. नेरीडाला दर वेळी त्यात आरोप ऐकू आला. तिने लग्न केलं नाही, फारसे मित्र जोडले नाहीत, आणि कुणाला कधी 'मला न्यायला ये' म्हटलं नाही. बाबा जाण्याआधी एकदाच विचारायचं होतं तिला, तुम्ही मला दोषी धरता का? आणि विचारायला तोंड उघडावं तर समोर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, सभ्य, बंद माणूस. चीड यायची तिला. सत्तावन्न वर्षांची झाली तरी ती बदकच.

पुढच्या शनिवारी वायसाले नेहमीसारखा हसला नाही.

"आठवडाभर एकच गोष्ट चाललीय," तो म्हणाला. "मला नीट कळत नाही. रडतात मात्र. हा शब्द काय आहे? गूग. 'मी गूगसारखा भरलो होतो.'"

"गूग म्हणजे अंडं. अंड्यासारखा काठोकाठ भरलेला. म्हणजे दारू पिऊन तर्र."

वायसालेने लिहिलं. "बरं. मग म्हणाले, 'फोन आला, आणि मी गूगसारखा भरलो होतो.'"

नेरीडाने पर्स खाली ठेवली. बाबा शनिवारी प्यायचे हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं. त्या दिवसाबद्दल मात्र तिने कधी विचारच केला नव्हता. तिच्या मनात त्या दिवशी फोन होता, कांगारू होता, आणि ती स्वतः होती.

"पुढे सांगा."

"'पोरगा नॅकर्ड होता. आठवडाभर कातरून आला होता, झोपला होता.' नॅकर्ड?"

"थकून मेलेला," ती म्हणाली.

"'किल्ल्या माझ्या हातात होत्या. मी दोनदा पडलो. मग मी त्याला लाथ घालून उठवला.'" वायसाले थांबला. "हे मला कळलं होतं, नेरीडा. हे विचारायचं नव्हतं. विचारायचं ते शेवटचं. रोज शेवटी तेच म्हणतात. 'आणि कॉबलर मी पोरीसाठी ठेवला, कॉल. सगळी वर्षं.' कॉबलर म्हणजे चांभार ना? कुठला चांभार?"

वायसालेला सांगायचं म्हणजे आधी स्वतःला सांगायचं होतं. ती दोन घोट पाणी प्यायली.

"दोघा कातरणाऱ्यांचं मिळून मेंढ्या कोंडायचं एक वाडगं असतं," ती म्हणाली. "मेंढ्या दोघांच्यात. प्रत्येक जण सोपी मेंढी आधी उचलतो. मग शेवटी एक उरते. सुरकुतलेली, लाथाळ, लोकरीत शेरभर वाळू. तिला कॉबलर म्हणतात. कुणालाच ती नको असते. म्हणून शेवटून दुसरी मेंढी गपचूप उचलायची, आणि कॉबलर जोडीदाराच्या गळ्यात टाकायची."

"म्हणजे मिस्टर क्लेमनी..."

"माझ्या गळ्यात टाकली. ट्रेवरचं ओझं."

वायसालेने हे लिहिलं नाही. वही मिटून त्याने बगलेत धरली. "ते तुम्हालाच सांगायला बघतात, मला वाटतं. तुमची गाडी गेली की लगेच सुरू होतात."

नेरीडाला राग आला, आणि असा राग तिला आयुष्यात आला नव्हता. एकोणचाळीस वर्षं! एक वाक्य बोलायला हा माणूस एकोणचाळीस वर्षं मूग गिळून बसला, आणि बोलला तेव्हा परक्या देशातून आलेल्या, त्यातला अर्धा भाग न कळणाऱ्या माणसाजवळ. पण रागाच्या तळाशी काहीतरी सैल होत होतं. त्यांनी तिला दोष दिला नव्हता. कधीच नाही. जपून जा म्हणजे जपून जा, एवढंच होतं ते.

ती खोलीकडे निघाली. आज ती विचारणार नव्हती, सांगणार होती. बाबा, कॉबलर कातरून झाला. वाडगं रिकामं आहे. आता कामाला सुट्टी.

तिने दार ढकललं.

"तळ्यावर बदकं!" बाबा ओरडले, आणि हात गुडघ्यांवर गेले.

ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बाबा, मला कळलं. ट्रेवरचं. किल्ल्यांचं. मला राग नाही." हे निम्मंच खरं होतं, पण तिने ते मनापासून म्हटलं. "कॉबलर मी कातरला, बाबा."

क्लेमने तिच्याकडे पाहिलं. निळे, पाणावलेले डोळे सावकाश तिच्या चेहऱ्यावरून फिरले आणि कुठेच थांबले नाहीत. मग तिच्या मागे दारात उभ्या असलेल्या वायसालेकडे बघून तो दबक्या आवाजात म्हणाला, "कॉल, या बाई कोण रे? शेडमधले शब्द बोलतायत. बसायला चांगली खुर्ची दे त्यांना."

"बाबा, मी नेरीडा."

"नेरीडा माझी पोरगी," तो अभिमानाने म्हणाला. "अठराची आहे. यायचीच आहे ती."

वायसाले आत आला, पण नेरीडाने हातानेच त्याला थांबवलं.

"तिला काही सांगायचंय का तुम्हाला?" तिने विचारलं.

"आहे एक गोष्ट."

"मला सांगा. मी पोचवते."

क्लेमचे ओठ हलले. एक क्षण तिला वाटलं, आता येणार. पण त्याने मान हलवली. आयुष्यभर पाळलेली रीत तो एका अनोळखी बाईसाठी कशी मोडेल?

"नको, बाई. बायकांच्या कानावर घालायची गोष्ट नाही ती. पोरीला मीच सांगेन."

साडेनऊ वाजले होते. वायसालेने चहा आणला, तीन कप. नेरीडाने बाबांच्या चहात दोन चमचे साखर घालून ढवळली आणि कप त्यांच्या हातात नीट धरवला. तो थोडा सांडला. तिने रुमालाने त्यांचा गुडघा पुसला.

क्लेम खिडकीतून रस्त्याकडे बघत होता.

"उशीर झाला हो तिला," तो म्हणाला. "रस्त्यावर कांगारू असतात. मी सांगितलं होतं जपून ये म्हणून."

"येईल," नेरीडा म्हणाली. "जपूनच येतेय ती."

आणि ती त्याच्याबरोबर वाट बघत बसली.