गिरणीची न्याहारी

मी एक जुनी पिठाची गिरणी आहे. उदगीरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यातून एक अरुंद गल्ली फुटते. तिच्या तोंडाशी लालमहंमदचं दुकान आहे. आत शिरलात की डाव्या हाताला मी. भिंती, तारा, बल्ब, अगदी कोळ्याची जाळीसुद्धा पांढरी दिसली, तर समजा की पत्ता बरोबर आहे.

मित्रांनो, माझं पोट म्हणजे दगडाची दोन गोल चाकं. एक जागचं हलत नाही, दुसरं फिरतं. दोघांच्या मध्ये जेमतेम कागद जाईल एवढी फट. वरच्या पत्र्याच्या तोंडातून दाणे पडतात, त्या फटीत सापडतात आणि पीठ होऊन कापडी बाहीतून डब्यात उतरतात. माझं एकच पथ्य आहे. मला रिकामं फिरवायचं नाही. मध्ये दाणा नसला की दगडावर दगड घासतो आणि पिठात कच उतरते. म्हणून सकाळी मोटर सुरू करताना तोंडात आधी मूठभर धान्य टाकावं लागतं.

लालमहंमदच्या वडिलांनी मला इथं बसवलं, तेव्हा समोरच्या घरात सिद्धम्मा नुकतीच लग्न होऊन आली होती. माहेर कर्नाटकात भालकीकडचं, मराठी अडखळत बोलायची. पहिल्या दिवशी पहिलं दळण तिचंच आलं. म्हातारा म्हणाला, "पोरी, तुझ्याच हातानं टाक पहिली मूठ." तिनं टाकली. तेव्हापासून तो मान तिचा. आता ती स्वतः म्हातारी झाली आहे आणि सगळी गल्ली तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणते. पण रोज सकाळी कपाळाला विभूती लावून, पदराच्या गाठीत धान्य बांधून ती येतेच. माझ्या तोंडावर मूठ धरते आणि म्हणते, "घे बाई, न्याहारी कर."

लालमहंमद बटणावर बोट ठेवून तिची वाट बघतो. मुठीत काय आहे, हे त्यानं कधी पाहिलं नाही. देणाऱ्याच्या हाताकडे टक लावून बघणं त्याला बरं वाटत नाही.

मी खूप दळलं. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धपाट्यांसाठी आणलेलं मिसळीचं धान्य. एकाचं दळण संपलं की थोडं पीठ माझ्या दगडांच्या खाचांत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. कितीही झटका, राहतंच. म्हणजे या गल्लीतल्या प्रत्येक घरानं नकळत दुसऱ्या घराचं चिमूटभर पीठ खाल्लेलं आहे. मला याचा फार अभिमान वाटायचा.

मग नवी गिरणी आली. तिचा आवाज कमी, पीठ बारीक. मला कोपऱ्यात सरकवलं, पट्टा उतरवला, अंगावर रिकामे डबे रचले. एका मांजरीनं माझ्या तोंडात पिल्लं घातली. सिद्धम्मा नव्या गिरणीला न्याहारी घालायची आणि जाता जाता माझ्या पत्र्यावर हात फिरवायची. "तू आता आराम कर," म्हणायची. मित्रांनो, लोखंडाला आराम म्हणजे गंज. पण तिचा हात बरा वाटायचा.

अशात एके दिवशी मागच्या आळीतली मंजुषा रिकाम्या हातांनी दुकानात आली. तिची मुलगी धम्मप्रिया दुसरीत होती. पोर सारखी पोट धरून बसायची, अंगावर मांस म्हणून नव्हतं. मंजुषा म्हणाली, "चाचा, आता तुमच्याकडं दळण आणता यायचं न्हाई. लेकीला गहू सोसत न्हाई म्हणले लातूरचे डॉक्टर. एक कणबी नको. गव्हावर दळलेली ज्वारीबी चालत न्हाई. घरात बारकी गिरणी घ्या म्हणले."

"मग घ्यायलीस का?"

"बघू," मंजुषा म्हणाली. त्या 'बघू'चा अर्थ मलाही कळला.

लालमहंमदची मुलगी अर्शिया लातूरला बी.एस्सी. करून नुकतीच घरी आली होती. तिनं माझ्या अंगावरचे डबे खाली उतरवायला घेतले. "अब्बा, ही कशाला गंजत ठेवलीय? दगड नवे घालू. हिच्यात गहू टाकायचाच नाही. कधीच."

"अन् चुकून कुणी टाकला तर?"

"गल्लीला सांगू ना. माणसं ऐकतात."

दगड नवे आले. त्यांना टाकी लावून खाचा पाडल्या, लाकडी चौकटीतलं जुनं पीठ खरवडलं, बाही नवी शिवली. अर्शियानं पत्र्यावर ऑइल पेंटनं लिहिलं : फक्त ज्वारी. रिटायर झालेले उमाशंकर गुरुजी गव्हाचा डबा घेऊन जुन्या सवयीनं माझ्याकडे वळले आणि पाटी वाचून थबकले.

"आता गिरणीलाबी पथ्य लागलं का गं?"

"हाव काका. तुम्हाला साखरेचं लागलंय तसंच."

गुरुजी हसत पलीकडच्या गिरणीकडे गेले. गल्लीनं खरंच ऐकलं. सकाळचं पहिलं दळण धम्मप्रियाचं, असंही ठरलं, कारण रात्रभर झाकून ठेवल्यावर मी सगळ्यात स्वच्छ असते. अर्शियाचा हिशेब चोख होता. फक्त एक मूठ त्यात धरायची राहिली होती.

मी पुन्हा चालू होणार म्हणून सिद्धम्माला कोण आनंद! तिनं पदराची गाठ सोडली. वरून मला स्पष्ट दिसलं : निवडलेला, धुऊन वाळवलेला गहू. तिच्या लहानपणी ज्वारी रोजची आणि गहू सणाचा. पोळी व्हायची ती सणालाच. प्रेमानं द्यायचं तर चांगलं द्यावं, एवढंच तिला ठाऊक. ती माझ्या कानाशी म्हणाली, "लेकराचं दळण हाय. आज चांगलं खा."

मी ओरडले असते. पण मला एकच आवाज येतो. तो सुरू झाला, गहू फटीत सापडला आणि त्याच्या मागोमाग धम्मप्रियाची ज्वारी आली. दोन्ही एकाच डब्यात उतरली.

काही आठवडे गेले. मंजुषा डबा घेऊन आली की लालमहंमद विचारायचा आणि ती मान हलवायची. "सगळं पाळून राहिले चाचा. बिस्कीट न्हाई, शेवया न्हाई. तरी रात्रभर पोट धरून कण्हती."

लोक आपसांत बोलायला लागले. पोरगी शाळेत कुणाच्या तरी डब्यात हात घालत असणार. ते बोलणं मंजुषाच्याही मनात उतरलं. एकदा माझ्यासमोरच तिनं धम्मप्रियाचा दंड धरला. "खरं सांग. कुणाची चपाती खाल्ली?"

"म्या न्हाई खाल्ली."

"मग दुखतंय कशानं?"

"म्या न्हाई खाल्ली गं आई." पोरीचे डोळे भरून आले होते. खरं बोलूनही खोटं ठरण्याचं दुखणं पोटाच्या दुखण्यापेक्षा मोठं होतं. तिचा साक्षीदार एकच होता, मी. आणि मला बोलता येत नव्हतं.

पुढे सिद्धम्मा मुलीच्या बाळंतपणाला भालकीला गेली. ती नसताना लालमहंमद समोरच्या ज्वारीच्या डब्यातली मूठ घेऊन मला न्याहारी घालायचा. हळूहळू धम्मप्रियाच्या चेहऱ्यावर तेज आलं. एकदा तर ती दुकानाच्या पायऱ्या लंगडी घालत चढली. मंजुषा बघतच राहिली. सिद्धम्मा परत आली, नातवाचे पेढे वाटले आणि दुसऱ्या सकाळी पदराची गाठ सोडली. धम्मप्रिया पुन्हा अंथरुणाला लागली.

अर्शिया माझ्या चौथऱ्यावर बसून विचार करत होती. "मधे ती बरी होती. मग तेव्हा काय वेगळं होतं, अब्बा?"

"काय वेगळं? गिरणी हीच, ज्वारी तीच. अव्वा तेवढ्या नव्हत्या, न्याहारी मी घालत होतो..." बोलता बोलता लालमहंमदनं समोरच्या दाराकडे पाहिलं.

सकाळी सिद्धम्मा आली तेव्हा त्याचं बोट बटणावर नव्हतं. "अव्वा," तो खाली बघत म्हणाला, "आज मूठ दाखवता का?"

तिनं हसून मूठ उघडली. "बघ की. निवडलेला गहू हाय. का रे?"

अर्शियानं तिला खाली बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. सिद्धम्माला पटेना. "मी लेकराला कुठं घातला? गिरणीला घातला."

"गिरणी ठेवून घेत नाही, अव्वा. मिळालेलं सगळं पुढं देते."

सिद्धम्मानं आपल्या तळव्यावरच्या गव्हाकडे पाहिलं. मग तिनं गहू परत पदरात बांधला आणि घरी गेली. समोरचं दार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. लालमहंमदनं स्वतः मूठ टाकली. थोड्याच वेळात पट्टा निसटला. त्याचा सिद्धम्माशी काही संबंध नव्हता, पट्टा झिजलेला होता. उगाच खोटं कशाला सांगू? पण अव्वाची मूठ नाही म्हणून गिरणी रुसली, असं दुकानात सगळ्यांना वाटलं. अर्शियानं मला सगळं खोलून पुन्हा घासलं. माझे दगड स्वच्छ झाले, पण समोरचं दार काही उघडलं नाही.

खरं कळल्यावर मंजुषानं आपल्या लेकीची माफी मागितली. माझ्यासमोर, चार माणसांत. "तू खोटं बोलली नव्हतीस," ती म्हणाली. धम्मप्रियानं नाक पुसलं आणि विचारलं, "अव्वा का येईना?"

 मग तिनं आपल्या डब्यातून ज्वारीची एक मूठ घेतली, गल्ली ओलांडली आणि समोरचं दार वाजवलं. गल्ली अरुंद आहे आणि माझी मोटर बंद होती. मला सगळं ऐकू आलं.

"अव्वा, गिरणी उपाशी हाय."

"यव्वा, पोरी, आता माझा हात नको."

"हात चालतो. गहू नको."

आतून कडी सरकली. मग सिद्धम्मा बाहेर आली. विभूती लावलेली नव्हती, तशीच आली. धम्मप्रियानं आपल्या मुठीतले दाणे तिच्या तळव्यावर ओतले. काही खाली सांडले, ते दोघींनी वाकून वेचले. माझ्या तोंडावर हात धरून सिद्धम्मा म्हणाली, "घे बाई, न्याहारी कर."  लालमहंमदनं बटण दाबलं.

धम्मप्रिया आता बरी आहे. पुन्हा लंगडी घालते आणि अर्शियाला नको ते प्रश्न विचारून हैराण करते.

मित्रांनो, एकाचं पीठ दुसऱ्यात मिसळतं याचा मला पूर्वी अभिमान होता. तो अजूनही आहे. पण एकत्र राहणं म्हणजे नुसतं मिसळणं नव्हे, हे मी उशिरा शिकले. कुणाच्या डब्यात काय चालतं आणि काय चालत नाही, हे लक्षात ठेवणं हाही त्याचाच भाग आहे. मला वेळेवर तेल द्या, पट्टा झिजला की बदला, रिकामं फिरवू नका. आणि कुणाला मायेनं काही द्यायला निघालात, तर आधी त्याला विचारा. तुम्हाला कुणी विचारलं, मूठ दाखवा म्हटलं, तर राग मानू नका.

सिद्धम्मा मानत नाही. रोज सकाळी ती माझ्यापाशी येते. शाळेची पिशवी पाठीला लावून धम्मप्रिया तिथं उभी असते. म्हातारी तिच्यापुढे मूठ उघडते, पोर वाकून नीट बघते, एखादा दाणा बोटानं उलटवते आणि म्हणते, "हाव. घाल."

मग माझी न्याहारी होते.